संक्रांतीच्या दुपारी आपल्यातून गेलेली लाट

१४ जानेवारी २०२५. दुपारचे एक वाजून बावन्न मिनिटं. आठवतंय तुम्ही कुठे होतात? संक्रांत होती. धुळ्यात गच्च्यांवर पतंगांची काटाकाटी चालू असणार, जळगावात कुणी तिळगुळाचे डबे पोचवत असणार, आणि काही जण जेवून पंख्याखाली आडवे झाले असणार. नेमक्या त्या क्षणी तुमच्या शरीरातून एक लाट गेली. तिने तुम्हाला एका दिशेने किंचित ताणलं, दुसऱ्या दिशेने किंचित दाबलं, आणि ती पुढे निघून गेली. मांजा हातात असणाऱ्याला काही कळलं नाही, कारण तो ताण अणूच्या केंद्रापेक्षाही लाखो पटींनी लहान होता.

ही लाट निघाली होती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती गरगरत धडकली आणि त्यांचं एक झालं. त्या धक्क्याने अवकाशालाच सुरकुती पडली, आणि ती सुरकुती प्रकाशाच्या वेगाने पसरत संक्रांतीच्या दुपारी पृथ्वीवर आली. अमेरिकेतल्या ‘लायगो’च्या दोन यंत्रांनी ती पकडली. सप्टेंबर २०२५मध्ये शास्त्रज्ञांनी तिचं विश्लेषण जाहीर केलं आणि सांगितलं की स्टीफन हॉकिंग यांनी १९७१मध्ये कागदावर मांडलेला एक नियम खरा ठरताना या लाटेत दिसला.

आता तुम्ही म्हणाल, ‘भो, ते अमेरिकेत पकडलं, आपल्याला काय त्याचं?’ प्रश्न रास्त आहे. पण या गोष्टीचा एक धागा शिरपुरात आहे, एक पुण्यात आणि एक हिंगोलीत. हिंगोलीतल्या धाग्यावर तुमच्या-माझ्या खिशातले २६०० कोटी रुपये लागलेले आहेत. म्हणून जरा बसून बोलू.

गोटीएवढी पृथ्वी

आधी कृष्णविवराबद्दलचा एक गैरसमज काढून टाकू. नावातलं ‘विवर’ फसवं आहे. आपल्याकडे विहिरी पुष्कळ, म्हणून डोळ्यांसमोर लगेच काळीकुट्ट विहीर येते. कृष्णविवर म्हणजे खड्डा नाही. कमालीच्या लहान जागेत कोंबलेलं प्रचंड वस्तुमान, असं ते प्रकरण आहे.

चेंडू वर फेकला की खाली येतो. सेकंदाला ११.२ किलोमीटर वेगाने फेकता आला तर तो पृथ्वी सोडून जाईल. हाच पृथ्वीचा मुक्तिवेग. आता हीच पृथ्वी, एक ग्रॅमही कमी न करता, दाबत दाबत लहान करत न्या. पृष्ठभाग केंद्राच्या जितका जवळ येईल तितका मुक्तिवेग वाढत जाईल. पृथ्वी साधारण गोटीएवढी झाली, म्हणजे त्रिज्या ९ मिलिमीटरच्या आसपास आली, की हा वेग प्रकाशाच्या वेगाइतका होतो. मग प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. सूर्याला हीच अवस्था गाठायला ३ किलोमीटर त्रिज्येत मावावं लागेल. (घाबरू नका. सूर्याचं वस्तुमान त्यासाठी पुरेसं नाही. तो कधी कृष्णविवर होणार नाही.)

हे गणित सरळ गुणाकाराचं आहे. वस्तुमान दुप्पट, तर त्रिज्या दुप्पट. २९ सूर्यांएवढं कृष्णविवर घ्या, त्रिज्या येते साधारण ८५ किलोमीटर. नकाशा काढा, कंपासचं टोक जळगावच्या काव्यरत्नावली चौकात ठेवा आणि ८५ किलोमीटरचं वर्तुळ काढा. भुसावळ आत, शिरपूर आत, धुळे कसंबसं आत, चाळीसगाव अगदी काठावर. जवळजवळ अख्ख्या खानदेशाएवढ्या गोळ्यात २९ सूर्य! लायगोने सर्वांत पहिली लाट १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपली. तिच्यातल्या दोन कृष्णविवरांपैकी लहान जे होतं, ते या मापाचं. मोठं होतं ३६ सूर्यांएवढं.

दुसरा गैरसमज असा की कृष्णविवर आजूबाजूचं सगळं ओढून गिळतं, जणू अवकाशातला व्हॅक्यूम क्लीनर. समजा जादूने सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं. आठ मिनिटांनी अंधार होईल, जळगावचा मे महिना कायमचा संपेल, पण पृथ्वी आहे त्याच कक्षेत निमूटपणे फिरत राहील. दूरवरून पाहिलं तर कृष्णविवराचं गुरुत्वाकर्षण तेवढ्याच वस्तुमानाच्या ताऱ्यापेक्षा जराही वेगळं नसतं. फरक पडतो तो फार जवळ गेल्यावर, ‘घटना क्षितिज’ नावाच्या सीमेपाशी. ती ओलांडली की परतीचं तिकीट नाही.

वही काढा, दोन मिनिटांचं गणित

आता हॉकिंग यांचा नियम. तो सांगतो की कृष्णविवरांच्या क्षितिजाचं एकूण क्षेत्रफळ कधीच कमी होत नाही. ते वाढेल किंवा तेवढंच राहील. वाक्य साधं आहे, पण त्यातली मेख बघा.

२०१५च्या टकरीत ३६ आणि २९ मिळून ६५ सूर्यांचं वस्तुमान होतं. एकत्र झाल्यावर उरले ६२. तीन सूर्यांएवढं वस्तुमान लाटांच्या रूपाने उडून गेलं, तेही सेकंदाच्या लहानशा तुकड्यात. वस्तुमान घटलं, मग क्षेत्रफळ कसं वाढणार? कारण क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. ३६चा वर्ग १२९६, २९चा ८४१, बेरीज २१३७. आणि ६२चा वर्ग ३८४४. घ्या, तीन सूर्य गमावूनही आकडा वाढला. (कृष्णविवरं स्वतःभोवती फिरतात, त्यामुळे खरं सूत्र थोडं किचकट आहे. पण गाभा हाच.)

यातून अजून एक मजेशीर गोष्ट निघते. नियम खरा असेल तर अंतिम वस्तुमानाचा वर्ग २१३७च्या खाली जाऊ शकत नाही, म्हणजे साधारण ४६ सूर्यांच्या खाली उतरता येत नाही. टक्कर कितीही भीषण असो, निसर्गाने उधळपट्टीला मर्यादा घालून ठेवली आहे.

२०१५ची लाट क्षीण होती, त्यामुळे नियम ठामपणे तपासता येत नव्हता. संक्रांतीची लाट तिच्यापेक्षा तीनपट स्पष्ट आली. टकरीआधी दोन्ही कृष्णविवरांचं मिळून क्षेत्रफळ निघालं सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे उत्तर प्रदेशाएवढं. टकरीनंतर सुमारे ४ लाख, म्हणजे महाराष्ट्र अधिक बिहार. नियम टिकला.

हे मोजलं कसं? टक्कर झाल्यावर नवीन कृष्णविवर काही क्षण थरथरतं, घंटेवर टोला पडल्यावर ती घुमते तसं. घंटा मोठी की लहान, कशाची बनलीय, हे न पाहता नुसत्या आवाजावरून सांगता येतं ना? तसंच इथे. कृष्णविवराचा हा घुमारा पहिल्यांदा १९७०मध्ये गणितातून दाखवला तो सी. व्ही. विश्वेश्वरा या कर्नाटकातल्या तरुणाने. तेव्हा कृष्णविवरं खरोखर असतात यावर पुष्कळांचा विश्वासही नव्हता. २०१७मध्ये ते गेले. पहिल्या लाटेची बातमी मात्र त्यांनी ऐकली होती.

शिरपूरचा माणूस

आता शिरपूर. आपल्याला शिरपूर माहीत आहे ते पाणी अडवण्याच्या ‘शिरपूर पॅटर्न’साठी. पण जगभरातले गुरुत्वाकर्षणाचे अभ्यासक ज्यांचं नाव आदराने घेतात त्या अभय अष्टेकरांचा जन्म शिरपूरचा, १९४९चा. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत ते वाढले, १९७१मध्ये टेक्सास विद्यापीठात गेले, १९७४मध्ये शिकागोत डॉक्टरेट केली आणि पुढे पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात त्यांनी आपलं केंद्र उभं केलं. अमेरिकन फिजिकल सोसायटीचं आइनस्टाइन पारितोषिक त्यांना जाहीर झालं २०१८मध्ये.

त्यांनी केलं काय? दोन गोष्टी सांगतो. पहिली आपल्या संक्रांतीच्या लाटेशी थेट जोडलेली आहे.

घटना क्षितिजाच्या व्याख्येत एक चमत्कारिक अडचण आहे. ‘जिथून प्रकाश कधीच बाहेर येणार नाही’ ती सीमा. यातला ‘कधीच’ शब्द बघा. सीमा नक्की कुठे आहे हे आज सांगायचं तर विश्वाचं पुढचं सगळं भविष्य माहीत हवं! समजा दहा वर्षांनी कृष्णविवरात आणखी काही पडणार असेल, तर त्याचा हिशेब आजच्या क्षितिजात आधीच धरलेला असतो. प्रत्यक्ष गणित करणाऱ्याला याचा काय उपयोग? अष्टेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षितिजाची अशी व्याख्या घडवली की जी आत्ता, इथे तपासता येते. मग २००२मध्ये अष्टेकर आणि त्यांचे विद्यार्थी बद्री कृष्णन यांनी दाखवलं की इतकी ऊर्जा आत गेली की क्षेत्रफळ बरोबर इतकंच वाढतं. हॉकिंग म्हणाले होते, ‘कमी होत नाही’. या दोघांनी वाढीचा जमाखर्च मांडला. आज संगणकावर कृष्णविवरांच्या टकरी घडवून बघतात तेव्हा अशाच व्याख्या वापरतात.

दुसरी गोष्ट १९८६ची. आइनस्टाइनची समीकरणं त्यांनी वेगळ्या चलांमध्ये लिहिली. ती आता ‘अष्टेकर चलं’ म्हणूनच ओळखली जातात. नुसते चल बदलल्याने काय होतं, असं वाटेल. पण अवघड इंटिग्रल योग्य सबस्टिट्यूशनने सुटतं, हे एफवायला आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या मांडणीतून ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ हा सिद्धांत उभा राहिला. त्यात अवकाश सलग नसतं. लांबून सपाट दिसणारं लुगडं जवळून धाग्यांचं निघतं, तसं अवकाशही अतिसूक्ष्म पातळीवर तुकड्यातुकड्यांचं असतं. आइनस्टाइनच्या समीकरणांनुसार कृष्णविवराच्या पोटात घनता अनंत होते आणि गणित बंद पडतं. अष्टेकरांच्या मांडणीत अवकाशाला ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त दाबताच येत नाही, म्हणून तो अनंताचा आकडा येतच नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या सिद्धांताला अजून प्रयोगाचा आधार मिळालेला नाही. त्याला स्ट्रिंग थिअरीसारखे प्रतिस्पर्धीही आहेत. आपल्या जिल्ह्यातला माणूस आहे म्हणून त्याचा सिद्धांत खरा ठरत नाही. विज्ञानात जन्मगावाचे गुण मिळत नाहीत.

पाचकंदीलच्या गर्दीत मित्राची हाक

लाट पकडायची रीत समजली की हिंगोलीचा खर्च समजेल. लायगो म्हणजे इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या काटकोनातल्या दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, आतून हवा पूर्ण काढलेली. एकाच लेझरचा प्रकाश दोन्हींत सोडायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही किरण एकत्र आले की ताळमेळ बघायचा. लाट आली की एक बाजू किंचित लांबते, दुसरी आखडते आणि ताळमेळ बिघडतो. किती बिघडतो? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका.

इतक्या नाजूक यंत्राला रस्त्यावरचा ट्रकही जाणवतो आणि दूरच्या समुद्राच्या लाटाही. भुसावळच्या यार्डाशेजारी हे यंत्र ठेवलं तर मालगाडीच्या शंटिंगशिवाय काही ऐकू येणार नाही. म्हणून शांत, सपाट, मोठ्या कारखान्यांपासून आणि समुद्रापासून लांब अशी जमीन शोधत शास्त्रज्ञ हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ पोचले.

तरीही गोंगाट उरतोच. त्यातून खरी लाट वेगळी काढायची कशी? धुळ्याच्या पाचकंदीलला संध्याकाळच्या गर्दीत तुमच्या मित्राने हाक मारली तर ती तुम्हाला कळते, कारण त्याचा आवाज तुमच्या डोक्यात आधीच साठवलेला आहे. तसंच करायचं. कृष्णविवरांच्या टकरीची लाट कशी दिसेल हे आइनस्टाइनच्या समीकरणांतून आधी काढायचं, असे हजारो नमुने बनवायचे आणि गोंगाटाशी एकेक जुळवून बघायचा. हे काम १९९०च्या आसपास पुण्याच्या ‘आयुका’त संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी सुरू केलं. लाट सापडायला तेव्हा पंचवीस वर्षं बाकी होती. जयंत नारळीकरांनी १९८८मध्ये उभी केलेली ही संस्था तेव्हा नवीकोरी होती. (नारळीकर मे २०२५मध्ये गेले. त्यांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने एक विज्ञानकथा पाठवली आणि पहिला नंबर काढला. कथेचं नाव होतं ‘कृष्णविवर’. आपलं नाव बघून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये म्हणून टोपणनाव! आपल्याकडे हे दुर्मीळच.)

२६०० कोटींचा हिशेब

लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी मिळाली फेब्रुवारी २०१६मध्ये, पहिल्या लाटेची घोषणा झाल्यावर आठवडाभरातच. खर्चाची पूर्ण मंजुरी आली एप्रिल २०२३मध्ये. मधली सात वर्षं गेली. या काळात जपानचं यंत्र सुरू झालं, आणि बाकीच्यांच्या नोंदी २०२५पर्यंत तीनशेच्या घरात गेल्या. आपलं यंत्र २०३०च्या सुमारास सुरू करायचं ठरलं आहे. माझ्या मते प्रकल्पावर खरी टीका खर्चावरून नव्हे, या उशिरावरून व्हायला हवी.

खर्चाचं समर्थन करणारे एक सोपा हिशेब देतात. २६०० कोटींना १४० कोटी लोकांनी भागा, माणशी १९ रुपयेही येत नाहीत, एका वडापावची किंमत. हिशेब बरोबर आहे, पण जरा लबाड आहे. कारण कुठलाही सरकारी खर्च असा भागला की वडापावच निघतो. मराठवाड्यात पाण्याचे टँकर फिरत असताना कुणी विचारलं की याच पैशात काय झालं असतं, तर त्याला अडाणी म्हणून उडवून लावू नका.

माझं उत्तर वेगळं आहे. चौथं-पाचवं यंत्र हवं ते हौसेसाठी नव्हे. लाट कुठून आली हे एका यंत्राला धड सांगता येत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी ती किती मिलिसेकंदांच्या फरकाने पोचली यावरून दिशा काढावी लागते. ऑगस्ट २०१७मध्ये दोन न्यूट्रॉन तारे धडकले तेव्हा अमेरिकेच्या दोन यंत्रांना इटलीतल्या ‘व्हर्गो’ची जोड होती, म्हणून आकाशातली जागा पटकन हेरता आली. जगभरच्या सुमारे ७० दुर्बिणी तिकडे वळल्या आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत घडतात याचा पुरावा मिळाला. जळगावच्या सराफ बाजारातल्या सोन्याचा इतिहास तिथपर्यंत जातो. हिंगोलीचं यंत्र बाकीच्यांपासून खूप दूर, म्हणून दिशा ठरवायला फार कामाचं.

आणखी एक घडामोड लक्षात ठेवा. २०२५मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात लायगोच्या दोनपैकी एक यंत्र बंद करण्याची सूचना आली होती. म्हणजे मूलभूत विज्ञानाचा पैसा तिथेही हक्काचा नाही. अशा वेळी हिंगोलीचं महत्त्व वाढतं.

आणि ‘मूलभूत अभ्यासाला जनतेचा पैसा’ ही कल्पना परदेशातून आलेली नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला तुम्ही गेला असाल. तिथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला आणि सोइदेव व हेमाडीदेव या निकुंभ राजांनी त्याला उत्पन्न लावून दिलं. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी मराठीत. त्यात बाजारातल्या विक्रीवरचा वाटा आणि घाण्यामागे पळीभर तेल अशी देणी सांगितली आहेत. राजाचं दान संस्कृतात, आणि ज्याच्या घाण्यातून तेल जाणार त्याला कळेल अशा भाषेत बाकीचं! (यावरून भास्कराचार्यांना कृष्णविवरं माहीत होती, असा फॉरवर्ड कृपया करू नका. त्यांचं खरं गणित पुरेसं थोर आहे.)

तुमच्या वयाचा हिशेब

आज तुम्ही एफवायला असाल, तर हिंगोलीचं यंत्र सुरू होण्याच्या सुमारास तुमचं एमएस्सी किंवा बीई आटोपलेलं असेल. त्याला फक्त सिद्धांतवाले नकोत. व्हॅक्यूम, लेझर, इलेक्ट्रॉनिक्स, कंट्रोल सिस्टिम, डेटा या सगळ्यांची माणसं लागतील. लेझरचं काम बघणारी राजा रामण्णा संस्था इंदूरला आहे, म्हणजे शिरपूरहून आग्रा रोडने सरळ. आयुका पुण्यात. दोन्हीकडे रात्रीच्या बसने सकाळी पोचता येतं.

अडचण अंतराची नाही. आपल्याकडे बीएस्सी फिजिक्सला जाणारा मुलगा म्हणजे ‘नीटमध्ये राहिला वाटतं’ असं लोक धरून चालतात. मुलगी असेल तर ‘बीएड कर, पुरे’. आयआयटीची ‘जॅम’ नावाची परीक्षा असते, ती देऊन एमएस्सीला आयआयटीत जाता येतं, हे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कुणीतरी सांगतं आणि तोवर फॉर्मची तारीख गेलेली असते. तर आत्ताच ऐका: जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. आयुकाचा उन्हाळी उपक्रमही असतो, त्याच्या तारखा संस्थेच्या संकेतस्थळावर बघत राहा.

आणि त्याआधीही सुरुवात करता येते. लायगोचा डेटा सर्वांसाठी मोफत खुला आहे. पायथॉन थोडंफार येत असेल तर १४ सप्टेंबर २०१५ची फाइल उतरवून गोंगाटातून ती लाट तुम्ही स्वतः बाहेर काढू शकता. पायऱ्या तिथेच लिहून ठेवल्या आहेत. लॅपटॉप नसला तर कॉलेजच्या संगणक कक्षात दोन दुपारी पुरतात. लाटेचा आवाज बनवलेली फाइलही मिळते. हेडफोन लावून ऐका, कारण सुरुवातीचे खर्जातले सूर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू येत नाहीत. आधी खोल घरघर, मग झपकन वर चढणारा ‘व्हूप’. सगळं मिळून सेकंदाचा पाचवा भाग. पहिल्यांदा बहुतेक जणांकडून निसटतो, पुन्हा लावावा लागतो.